उसना उपग्रह, जाळीची छत्री आणि खेड्यातला वर्ग : १९७५–७६ चे एक वर्ष

१/ कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी. तिच्यापासून तयार केलेली तीन मीटर व्यासाची एक छत्री. शेजारी गावातली प्राथमिक शाळा, आत काळ्या-पांढऱ्या चित्राचा दूरचित्रवाणी संच आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलेली लहानमोठ्या इयत्तांची सगळी मुले. वर्ष १९७५. ठिकाण मुंबई नव्हे, दिल्लीही नव्हे. रायचूर, संबळपूर, कोटा, मुझफ्फरपूर, कर्नूल, रायपूर अशा जिल्ह्यांतली खेडी. मुंबईत दूरचित्रवाणी येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे होत होती; कोलकाता आणि मद्रास या महानगरांना तर ती त्याच ऑगस्ट महिन्यात मिळत होती. मग या खेड्यांच्या वर्गात ती कशी पोहोचली, आणि पोहोचून मुले काही शिकली का? आजचा धागा त्या वर्षाविषयी.

२/ प्रयोगाचे पूर्ण नाव 'उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग'. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'साइट' म्हणत. अवधी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, म्हणजे मोजून एक वर्ष. आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान अशी सहा राज्ये, २० जिल्हे आणि सुमारे २,४०० खेडी. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाच्या इतिहासात या प्रयोगाचे गोडवे भरपूर गायले गेले आहेत आणि ते योग्यच आहे. मात्र ती कथा बहुधा आकाशाकडे पाहत सांगितली जाते. आपण ती जमिनीवरून, वर्गाच्या दारातून पाहू.

३/ त्याआधी थोडे मागे, पुण्याला जावे लागेल. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत 'रेडिओ शेतकरी मंडळे' स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि तो संपताच त्यावर मंडळात चर्चा करायची, असा क्रम होता. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने त्याचे मूल्यमापन केले.

४/ न्यूराथ यांनी तुलनेसाठी दोन प्रकारची गावे आणखी घेतली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. यंत्र दोन्हीकडे तेच, कार्यक्रमही तेच. फरक होता तो ऐकल्यानंतर बोलण्याची सोय असण्या-नसण्याचा. ही मंडळे प्रौढांची होती, शाळेची नव्हेत. तरीही हा निष्कर्ष लक्षात ठेवा. पुढे वर्गात पुन्हा त्याच्याशी गाठ पडणार आहे.

५/ शाळेत दूरचित्रवाणी प्रथम आली ती दिल्लीत, ऑक्टोबर १९६१ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने. दिल्लीच्या माध्यमिक शाळांत संच बसवले गेले आणि अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकाप्रमाणे विज्ञानाचे पाठ प्रक्षेपित होऊ लागले. विद्यार्थी झपाट्याने वाढत होते. प्रयोगशाळा आणि विज्ञानाचे प्रशिक्षित शिक्षक मात्र पुरत नव्हते. त्या कमतरतेवर हा तोडगा होता. योगायोग असा की त्याचेही मूल्यमापन याच न्यूराथ यांनी केले. तथापि ही सगळी सोय एका शहरापुरती होती. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून होणारे प्रक्षेपण काही दहा किलोमीटरांपलीकडे जात नाही. देशाच्या साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांपर्यंत असे मनोरे उभारत जायचे म्हटले, तर कित्येक दशके लागली असती.

६/ इथे विक्रम साराभाई यांचा विचार येतो. दूरचित्रवाणी जगात सर्वत्र शहरांतून सुरू होते आणि खेड्यांपर्यंत उशिरा, पाझरत पाझरत जाते. साराभाईंना हा क्रम उलटा करायचा होता. उपग्रह आकाशात ३६,००० किलोमीटरवर स्थिर असेल तर त्याच्या दृष्टीने मुंबई आणि फुलबाणी यांत काही अंतर नाही. १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या परिसरातील ८० खेड्यांत 'कृषिदर्शन' सुरू झाले, त्यामागेही साराभाईंचा पुढाकार होता. ती एका अर्थाने रंगीत तालीमच होती. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासा आपला एक उपग्रह भारताला एक वर्ष वापरायला देणार होती.

७/ करार झाला आणि ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाई गेले. वय अवघे ५२. जो प्रयोग त्यांच्या मनात सर्वांत जवळचा होता, तो त्यांनी पाहिला नाही.

८/ काम पुढे नेले ते दोघांनी. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक होते प्रा. यशपाल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले विश्वकिरण-शास्त्रज्ञ. आणि साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, मूळचे कोल्हापूरचे. थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण तळाची जागा शोधण्यापासून ते साराभाईंच्या बरोबर होते. पुढे यशपाल यांच्यानंतर तेच केंद्राचे संचालक झाले आणि १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अंतराळ कार्यक्रमातील मराठी नावे शोधणाऱ्या वाचकांच्या यादीत हे नाव बरेचदा नसते. ते असायला हवे.

९/ आता थोडे तंत्र, कारण ते समजल्याशिवाय त्या जाळीच्या छत्रीचे महत्त्व कळणार नाही. त्या काळातील बहुतेक दळणवळण उपग्रह दुबळे संदेश पाठवत. ते पकडायला जमिनीवर प्रचंड मोठी आणि अतिशय महाग थाळी लागे. नासाच्या 'एटीएस-६' या उपग्रहाने हिशेब फिरवला. ३० मे १९७४ रोजी सुटलेल्या या उपग्रहावर अवकाशात छत्रीसारखी उलगडणारी सुमारे नऊ मीटर व्यासाची थाळी होती. ती संदेश एकवटून जमिनीवर टाकी; त्यामुळे खालची थाळी लहान आणि स्वस्त चालत असे. वर खर्च वाढवा, म्हणजे खाली २,४०० ठिकाणी वाचवता येईल, असा तो सौदा. खालची छत्री जाळीची बनली ती यामुळेच. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तयार केले. संदेश उपग्रहाकडे चढवणारी भूकेंद्रे अहमदाबाद आणि दिल्ली येथे होती.

१०/ पहिले वर्ष या उपग्रहाने अमेरिकेतच काम केले : ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातील शिक्षकांचे प्रशिक्षण, अलास्कातील दुर्गम वस्त्यांची आरोग्यसेवा. म्हणजे वर्गाला आकाशातून साह्य देण्याची कल्पना श्रीमंत देशालाही नवीच होती. मग १९७५ च्या मध्यास त्याला विषुववृत्तावर पूर्वेकडे सरकवून आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणले गेले. जुलैमध्ये त्याने अमेरिकी अपोलो आणि सोव्हिएत सोयुझ यानांच्या अवकाशभेटीची दृश्ये पृथ्वीवर पोहोचवली आणि पुढच्याच महिन्यात तो आपल्या प्राथमिक शाळांच्या सेवेला लागला. शीतयुद्धातील समेटाचा सोहळा आणि रायचूरची शाळा यांमध्ये काही आठवड्यांचेच अंतर होते.

११/ रोज चार तास प्रक्षेपण होई. सायंकाळचे अडीच तास प्रौढांसाठी : शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, करमणूक, शिवाय दिल्लीहून येणारा राष्ट्रीय कार्यक्रम. हा आणीबाणीचा काळ होता हे विसरून चालणार नाही. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली, १ ऑगस्टला साइट सुरू झाली. वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण होते आणि दूरचित्रवाणी सरकारच्याच हातात होती. खेड्याच्या दारात आलेल्या या खिडकीतून सायंकाळी काय दिसायचे, हे दिल्ली ठरवत होती. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आपण सकाळकडे वळू.

१२/ सकाळचा दीड तास पाच ते बारा वयाच्या मुलांचा. भाषा चार : हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू. नव्वद मिनिटांचे चार भाग करा, प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येतात. संपूर्ण प्रयोगाचा शालेय गाभा एवढाच. एका शाळेला एका दिवसात मिळणारी साडेबावीस मिनिटे, आणि मग संच बंद, वर्ग पुन्हा गुरुजींच्या स्वाधीन.

१३/ तेवढ्या मिनिटांत काय दाखवायचे, हा प्रश्न सोपा नव्हता. पाच वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच संचासमोर बसलेले. त्यांतल्या बहुतेकांनी हलते चित्र क्वचितच पाहिलेले. चित्राची भाषा हीसुद्धा शिकावी लागते. पडद्यावर माशी हत्तीएवढी दिसली तर ती जवळून दाखवली आहे, हे शहरी मुलाला न सांगता कळते. ज्याने चित्रपटच पाहिला नाही त्याला ते कळेलच असे नाही. दृश्य एकदम बदलले तर आपण दुसऱ्या जागी गेलो की दुसऱ्या वेळी, हेही सांगावे लागते. शालेय कार्यक्रमांचा मोठा भाग आकाशवाणीने दिल्ली, कटक आणि हैदराबाद येथील निर्मितिकेंद्रांत तयार केला. विज्ञानाच्या कार्यक्रमांसाठी मात्र इस्रोने मुंबईत स्वतःचा स्टुडिओ उभारला. पाठ्यपुस्तक पडद्यावर वाचून दाखवायचे नाही, मुलाला त्याच्या अवतीभवतीच्या वस्तूंकडे कुतूहलाने पाहायला लावायचे, असे त्या निर्मितीमागचे धोरण होते.

१४/ भाषेचा पेच होताच. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांना एकच हिंदी. पण दरभंग्याच्या मुलाची घरची भाषा मैथिली, दुर्ग-बिलासपूरच्या मुलाची छत्तीसगढी, कोट्याच्या मुलाची हाडौती. प्रमाण हिंदी त्या तिघांनाही शाळेतच भेटणारी. उपग्रहाची एक मर्यादा अशी की तो जितका दूरवर पोहोचतो तितका एकसारखाच बोलतो. शेजारच्या गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज येथील लहान प्रक्षेपकावरून त्याच काळात नेमका उलटा प्रयोग चालला होता : कार्यक्रम जिल्ह्यापुरता, गुजराती बोलीतला, गावकऱ्यांनाच पडद्यावर आणणारा. त्या प्रकल्पाला पुढे १९८४ मध्ये ग्रामीण संपर्कासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. साइटच्या तुलनेत तो चिमुकला होता. पण गावाला उत्तर देण्याची मुभा तिथे होती.

१५/ आता गाव निवडण्याची गोष्ट. उद्दिष्ट मागास भागांचे होते आणि जिल्हेही तसेच निवडले गेले. मात्र संच चालायला वीज हवी. काही मोजके संच बॅटरीवर चालत. बाकी गावांत विजेची तार आधी पोहोचलेली असणे आवश्यक होते. शिवाय बिघाड झाला तर दुरुस्तीपथक वेळेत पोहोचावे म्हणून गावे एकमेकांपासून फार दूर असून चालत नव्हते. ती पुंजक्यापुंजक्यांनी घेतली गेली. परिणामी मागास जिल्ह्यांतली सगळ्यांत मागास खेडी यादीबाहेर राहिली. हा दोष देण्याचा मुद्दा नव्हे, त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. मात्र शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ही चाळणी येते. यंत्र आधी तिथे जाते जिथे त्याला जगवणारे काहीतरी आधीपासून आहे.

१६/ दुरुस्तीच्या व्यवस्थेला मी या प्रयोगाचे खरे यश मानतो. खेड्यात यंत्र नेऊन ठेवणे सोपे. ते पावसाळ्यात, विजेच्या चढउतारात, धुळीत वर्षभर चालू ठेवणे कठीण. पुंजक्यांतल्या ठाण्यांवर तंत्रज्ञ, वाहने आणि सुटे भाग तयार ठेवले होते, आणि बहुतेक संच बहुतेक काळ चालू राहिले. आपल्याकडे शाळांना दिलेल्या यंत्रांचा एकूण इतिहास पाहिला तर ही साधी गोष्ट नाही. संगणक-कक्षाच्या दाराला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, हे दृश्य पुढच्या पिढ्यांनी बरेच पाहिले.

१७/ गावातला हा संच सांभाळणारा माणूस पुष्कळ ठिकाणी शाळेतला शिक्षकच असे. किल्ली त्याच्याकडे, बटण त्याच्याकडे, आणि कार्यक्रम संपल्यावर मुलांच्या प्रश्नांना तोंड देणेही त्याच्याकडेच. पडदा एकतर्फी बोलतो. मुलाला काही कळले नाही तर तो थांबत नाही. म्हणून त्या साडेबावीस मिनिटांच्या आधीची पाच आणि नंतरची दहा मिनिटे कशी जातात, यावर सगळे अवलंबून होते. पुणे जिल्ह्यातल्या शेतकरी मंडळांनी १९५६ मध्ये दाखवलेली गोष्ट इथे वर्गात परत आली.

१८/ आयोजकांना याची जाणीव होती, याचा पुरावा म्हणजे साइटमधला सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. शाळांना सुटी असताना तोच उपग्रह आणि तेच संच शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्यासाठी बारा दिवसांचा एक संच तयार केला : दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, रेडिओ, छापील पुस्तिका आणि हाताने करायचे प्रयोग, या सगळ्यांचा मेळ. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८ हजार शिक्षकांना तो मिळाला. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी, एकाच दर्जाचे प्रशिक्षण देणे तोपर्यंत कोणालाच जमले नव्हते. मुलांना थेट शिकवू पाहणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा, शिक्षकाला बळ देणारे हे बारा दिवस मला अधिक दूरदृष्टीचे वाटतात.

१९/ मग मुले शिकली का? साइटची जमेची बाजू ही की तिने हा प्रश्न स्वतःच विचारला आणि प्रामाणिकपणे मोजला. प्रयोगाआधी, चालू असताना आणि नंतर अशी तीन टप्प्यांची पाहणी झाली. संच असलेल्या गावांबरोबर संच नसलेलीही गावे अभ्यासली गेली. काही गावांत तर मानवशास्त्रज्ञ वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकून राहिले आणि गाव दूरचित्रवाणीशी कसे वागते ते टिपत गेले. बिनोद अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम आजही या क्षेत्रात वाचले जाते.

२०/ निष्कर्ष संमिश्र होते. संच पाहणाऱ्या मुलांच्या भाषाविकासात वाढ दिसली. पुस्तकाबाहेरच्या साधनांतून माहिती मिळवण्याची त्यांची ओढ वाढली. मात्र शाळेत नाव घालणाऱ्या मुलांची संख्या वाढली नाही, आणि शाळा मध्येच सोडण्याचे प्रमाणही घटले नाही. दूरचित्रवाणीच्या आकर्षणाने मुले शाळेकडे धावतील ही आशा फोल ठरली. विचार केला तर यात आश्चर्य नाही. गुरे राखायला जाणारा मुलगा किंवा धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत येत नव्हती ती शाळा कंटाळवाणी होती म्हणून नव्हे. तिच्या हातांची घरी गरज होती म्हणून. त्या हातांना सोडवण्याची शक्ती पडद्यात नव्हती.

२१/ सायंकाळच्या प्रेक्षकांत निष्कर्ष वेगळा होता आणि काहीसा अनपेक्षितही. सुरुवातीची तोबा गर्दी काही महिन्यांत ओसरली. पण जे येत राहिले त्यांत आरोग्यासारख्या विषयांत माहितीची वाढ अधिक दिसली ती निरक्षरांत आणि स्त्रियांत. ज्यांना छापील अक्षर बंद होते त्यांना चित्राने दार उघडले. वर्गाच्या चार भिंतींबाहेर, ज्यांना वर्ग कधी मिळालाच नव्हता त्यांच्यासाठी, संच अधिक उपयोगी ठरला.

२२/ याच सुमारास, याच मध्य प्रदेशात, यंत्राशिवाय एक प्रयोग चालला होता त्याची नोंद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत १९७२ पासून 'होशंगाबाद विज्ञान' सुरू झाले होते. साधने म्हणजे भिंग, परीक्षानळी, चुंबक, बाहेरचे शेत आणि ओढा. मुले स्वतः प्रयोग करत, स्वतः नोंदी घेत. शिक्षक नियमित प्रशिक्षणाला येत. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांच्या पुढाकाराला टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांची साथ होती. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला. साइटने एका वर्षात २,४०० गावे गाठली. होशंगाबादला १६ शाळांवरून एका जिल्ह्यापर्यंत जायला सहा वर्षे लागली. पण तो कार्यक्रम तीस वर्षे टिकला, २००२ मध्ये राज्य सरकारने तो थांबवेपर्यंत.

२३/ आणि साइट? ३१ जुलै १९७६ रोजी ठरल्याप्रमाणे प्रक्षेपण थांबले. उपग्रह उसना होता. तो परत अमेरिकेच्या दिशेने सरकवला गेला. सहाही क्षेत्रांत जमिनीवरचे प्रक्षेपक उभारून काही गावांत प्रक्षेपण चालू ठेवण्याची योजना झाली. जयपूर, रायपूर, गुलबर्गा, हैदराबाद, संबळपूर आणि मुझफ्फरपूर येथे ते उभेही राहिले. परंतु मनोऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या गावांत जाळीची छत्री नुसती उभी राहिली. वर्षभर रोज साडेबावीस मिनिटे काहीतरी पाहण्याची सवय लागलेल्या मुलांना पुढच्या सकाळी काय सांगितले गेले असेल, हे कोणत्या अहवालात शोधावे?

२४/ पुढचा इतिहास वेगाने सांगतो. स्वतःचा 'इन्सॅट-१ब' उपग्रह १९८३ मध्ये मिळाला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'देशव्यापी वर्ग' हे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. शालेय कार्यक्रमांसाठी सहा राज्यांत निर्मितिसंस्था स्थापन झाल्या. आपली पुण्याची, सेनापती बापट मार्गावरील 'बालचित्रवाणी', त्यांतलीच एक. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठी शाळांत शिकलेल्यांना हे नाव ऐकून आजही बरे वाटते. म्हणजे बालचित्रवाणीची वंशावळ थेट त्या जाळीच्या छत्रीपर्यंत जाते. २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. तोवर पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले होते आणि यापुढे सगळे मोबाइलवरच होईल अशी सार्वत्रिक समजूत होती.

२५/ तीन वर्षांत करोना आला, शाळा बंद झाल्या आणि घरात मोबाइल असणे, त्यात डेटा असणे, तो दिवसा मुलाच्या हाती असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वांना कळले. जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. त्यात पाठाऐवजी घरच्या घरी, घरातल्या माणसांबरोबर करून पाहायच्या गोष्टींवर भर होता. इंटरनेटच्या युगात मुलांपर्यंत पोहोचायला पुन्हा दूरचित्रवाणीच लागली. आणि पडद्यासमोर मुलाशी बोलायला कोणीतरी मोठे माणूस हवे, हेही पुन्हा गृहीत धरावे लागले.

२६/ यशपाल यांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. साइटच्या या संचालकाने नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. १९९२ मध्ये शालेय मुलांच्या ओझ्याचा विचार करण्यासाठी केंद्राने समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षही तेच होते. 'ओझ्याविना शिक्षण' हा तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मुलांना अधिक जड होते, हा त्या अहवालाचा गाभा. देशातील सर्वांत मोठे शैक्षणिक यंत्र चालवून पाहिलेल्या माणसाने यंत्रांची यादी मागितली नाही. त्याने मुलाला कळते आहे की नाही, एवढेच विचारले.

२७/ एक विनंती. विजापूर, गुलबर्गा, रायचूर या साइटच्या जिल्ह्यांत मराठी घरे कमी नाहीत. रायपूर-बिलासपूरकडेही जुनी मराठी कुटुंबे आहेत. तुमच्या नात्यात १९७५-७६ साली तिथल्या खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकणारे किंवा शिकवणारे कोणी असेल, तर त्यांना आवर्जून विचारा. संच कोणत्या खोलीत ठेवला होता, किल्ली कोणाकडे असे, संपल्यावर गुरुजी काय विचारत, आणि १ ऑगस्ट १९७६ च्या सकाळी वर्गात काय झाले. उत्तरे मिळाली तर खाली लिहा. त्या वेळची दहा वर्षांची मुले आज साठीत आहेत.